तुमच्या भावाचं खुराडं

२ मार्च

वन्सं,

लग्न होऊन आले तेव्हा मी तुम्हाला वन्सं म्हणायची. पुढे तुम्हीच म्हणालात, "किती जुनाट वाटतं गं ते. सरळ ताई म्हण." तेव्हापासून ताई झालात. आता पुन्हा वन्संच बरं. ताई म्हणायला जीभ वळत नाही.

फोन करून पाहिला. तुम्ही उचलत नाही. शिलाई मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं मी मनाला समजावलं. मग परत केला तर तुम्ही तो कापलात. मशीन काही फोन कापत नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र फार तर न वाचता फाडता येईल, पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. वाचल्याशिवाय तुम्ही काही फाडायच्या नाहीत.

मुद्द्याचं सांगते. टेम्पोवाल्याबरोबर तुम्ही ज्या दोन कोंबड्या पाठवल्यात, तांबडी आणि काळी, त्या उवांनी भरलेल्या आहेत. "घराला जाग राहील," असा तुमचा निरोप होता. जाग तर आलीच. काल तांबडीला काखेत धरून शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली, तर कोंड्याच्या रंगाच्या उवा कातडीवरून सैरावैरा पळाल्या. पिसांच्या मुळाशी लिखांचे गठ्ठे, ओली साखर चिकटावी तसे. मग काळीला पाहिलं. मग माझ्या तिघींना. पांढरी, ठिपक्यांची, बुटकी, तिघींच्याही अंगावर तेच.

कुणाच्या झग्याचा एक टाका सुटला तर तुम्हाला खोलीच्या पलीकडून दिसतो. भर लग्नात नवरीला थांबवून तुम्ही तिची बाही उसवलेली मी स्वतः पाहिली आहे. त्या तुम्हाला ह्या उवा दिसल्या नाहीत? की दिसल्या, म्हणूनच त्या माझ्याकडे आल्या?

माझ्या तिघी तुमच्या भावाने पिल्लं असल्यापासून वाढवलेल्या आहेत. हातावर दाणे घेऊन तो त्यांना भरवायचा. मी हसले की म्हणायचा, "ह्यांना चोच आहे, तुझ्यासारखी जीभ नाही. म्हणून लाड करतो." त्यांना काही झालं तर मी ते तुमच्याच पदरात घालणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि तुम्ही खुराडं मागता. टेम्पोवाला खाली मान घालून म्हणाला, "बाई म्हणाल्या, भावाच्या हातचं काहीतरी आपल्याकडे असावं. ते खुराडं दिलं तर बरं." परक्या माणसाच्या तोंडून मागणं मांडलंत, म्हणजे नाही म्हणायची मला लाज वाटावी. नाही वाटत. नाही मिळणार. आयुष्यभर लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवत फिरलेल्या माणसाने स्वतःच्या अंगणासाठी केलेली ती एकच गोष्ट आहे. कुठलीशी पोल्ट्री बंद पडली, तिथल्या फळ्या उचलून आणल्या आणि सगळा उन्हाळा खपून ते उभं केलं. शेवटी शेवटी दोन फळ्या ठोकल्या की खाली बसायचा. ते मी पाहिलं आहे. तुम्ही नव्हतात.

त्या दिवशी सगळ्यांच्या देखत तुम्ही मला जे बोललात ते मी विसरलेले नाही. ते इथे लिहीत नाही. तुम्हालाही आठवत असेलच.

तुमच्या भावाची बायको


१६ मार्च

वन्सं,

पत्र मिळालं. कापड कापताना तुम्ही जसं इंचभरही वाया घालवत नाही, तसंच लिहिलंय. "माझ्या कोंबड्या स्वच्छ होत्या. उवा तुझ्याच अंगणातल्या असतील. राख टाक." आणि खाली, जागा उरली होती म्हणून की काय, "तू दिवसभर खुडूक कोंबडीसारखी घरात बसून राहतेस, अंगणाकडे बघतेस तरी का?"

वन्सं, मी घरात बसून राहत नाही. सकाळी वाचनालय झाडते, पुसते, वर्तमानपत्रं काठ्यांना लावते. दुपारी लोक पांगले की वाचते. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता की तुमच्या भावाने मला वाचायला शिकवलं. नाही शिकवलं. कपाटांवरच्या पाट्या पुसता पुसता मी अक्षरं जुळवली. त्याने एवढंच केलं, की सुरुवातीला हसायचा ते हसणं बंद केलं. तेही थोडं नाही, म्हणून सांगितलं.

राख टाकली. विटांचं आळं करून त्यात कोरडी माती आणि चुलीतली राख चाळून घातली. पाचही जणी त्यात अशा लोळल्या की अंगणात धुकं पसरल्यासारखं झालं. पण लिखा जशाच्या तशा. मग जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर नवा आहे, मिसरूड जपणारा. विचारतो, "ऊच आहे ना नक्की? अंगावरचीच?"

मी म्हटलं, "ऊ म्हणजे ऊ. डोळ्यांनी पाहिली."

"बघा हं. लोक सगळ्यालाच ऊ म्हणतात."

"आमच्यात ऊ ओळखायला शिकवावं लागत नाही, डॉक्टर. केसात घालूनच मोठ्या झालो."

हसला आणि भुकटी दिली. पंखांखाली, मानेला, शेपटीखाली चोळायची. लिखा औषधाने मरत नाहीत, त्या फुटून नवी पिल्लावळ निघते, म्हणून आठवड्याने पुन्हा चोळायची.

एकटीने होणारं काम नव्हतं. शेजारच्या मास्तरीणबाई मदतीला आल्या. नोकरी सुटली तरी आवाज अजून शाळेतलाच. मी म्हटलं, "पाय घट्ट धरा."

"अहो, मी आयुष्यभर पोरं धरली. कोंबडीचं काय सांगता!"

पुढच्याच क्षणी तुमच्या काळीने त्यांच्या मांडीवर सगळं सोडलं. मास्तरीणबाईंनी तिला हवेत उंच धरून तिच्या डोळ्यांत पाहिलं. "हीच ती मागच्या बाकावरची," म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

मी हसले. पुष्कळ दिवसांनी. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. तुमच्या काळीची मात्र नाही. औषध लागलं की सगळ्यांत मोठ्याने ओरडते आणि दाणे टाकले की सगळ्यांत पुढे. कुणावर गेली आहे ते मी सांगायला नको.

दुसऱ्यांदाही भुकटी चोळून झाली. उवा गेल्या. आज फुंकर मारून पाहिलं, कातडी स्वच्छ, गुलाबी. म्हणजे माझ्या हातात दोष नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आता नवीनच खूळ. दिवे लागायच्या वेळी पाचही जणी खुराड्यात जायला नकार देतात. धुण्याच्या दगडावर ओळीने बसतात, तोंडं वाकडी करून. मी एकेकीला उचलते, आत दांडीवर बसवते, दार लावते. आतून कुरकुर चालूच. हे आधी नव्हतं. तुमच्या दोघींनीच शिकवलं असणार. मोठ्या घरच्या, त्यांना फळ्यांचं घर कसं आवडेल! पण मीही हटून बसले आहे. तुमच्या भावाने जीव ओतून केलेल्या घरात त्यांना झोपवल्याशिवाय मी आत वळत नाही.

हातांना खाज सुटते आहे. भुकटीमुळे असेल.

खुराडं मिळणार नाही. पुन्हा विचारू नका.

तुमच्या भावाची बायको


२४ मार्च

वन्सं,

पांढरी गेली.

सांगणार नव्हते. पण मेलेल्या कोंबडीची बातमी मास्तरीणबाईंच्या फोनवरून तुमच्यापर्यंत पोचण्यापेक्षा माझ्याकडून पोचलेली बरी. तुम्ही दोघी बोलता, ते मला माहीत आहे.

ती खुराड्याच्या कोपऱ्यातल्या खोक्यात बसून राहायला लागली होती. दाण्यांना उठेना, मातीत लोळायला येईना. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसलेली. मला वाटलं, खुडूक झाली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. ह्या घरात काहीतरी उबवलं जाणार होतं. गल्लीतला कोंबडा दिवसभर आमच्याच अंगणात असतो, म्हणून ठिपक्यांचीची आणि तांबडीची अंडी वेचून मी तिच्या पोटाखाली सरकवली. हो, तुमच्या तांबडीचीही. एवढा राग असून सरकवली, हे लक्षात घ्या. पाण्याची वाटी तिच्या चोचीशी ठेवली. मास्तरीणबाईंना सांगितलं, अंगणात मोठ्याने बोलू नका, आमची बाळंतीण बसली आहे.

तिला हलवलं नाही. खुडूक कोंबडीला हलवायचं नसतं, हे मी तुमच्याच परसात शिकले होते.

परवा सकाळी दार उघडलं तर मान खोक्याच्या कडेवरून खाली लोंबत होती. उचलली. रिकामी पिशवी उचलावी तशी हलकी. तुरा पाहिला. पांढऱ्या कोंबडीचा लालभडक तुरा हेच तिचं रूप होतं, तुम्हालाही आठवत असेल. तो साबणाच्या वडीसारखा झाला होता. एका दिवसात होत नाही असं. रोज थोडा थोडा उतरत गेला असणार, आणि मी रोज तिच्यासमोर वाटी ठेवत होते. खालची अंडी गार होती.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. आधी म्हणून झालंय तुमचं. घर माणसांनी भरलेलं असताना, माझ्याकडे बोट करून: "माझा भाऊ हिच्या डोळ्यांदेखत पांढराफटक पडत गेला, आणि ही म्हणत राहिली, दमलाय."

हो, म्हणत होते. कारण तोच म्हणायचा, दमलोय. ज्या माणसाने कधी साधी थाप मारली नाही, त्याची शेवटची थाप ओळखायची कशी, हे तुम्हाला माहीत असेल तर कळवा. मी शिकून घेईन. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, आधी आणलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. ते वाक्य तुमच्या कानांवरही पडलं होतं. तरी तुम्ही बोललात. माझं दुःख कमी पडत होतं, म्हणून त्यात तुम्ही भर घातलीत.

कधी कधी वाटतं, तुम्हाला तो माझ्याकडून परत हवा होता, आणि तो देता येईना म्हणून मी गुन्हेगार. असू दे.

डॉक्टर संध्याकाळी घरी येऊन गेला. अंधार पडेपर्यंत थांबला, विजेरी लावून खुराड्यात डोकं घातलं, पांढऱ्या पट्टीने इथं तिथं पुसून पाहिलं. काय झालं होतं ते त्याने सांगितलं. ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. माझ्याजवळ राहू दे.

उरलेल्या चौघी आता न्हाणीघरात झोपतात.

तुमच्या भावाची बायको


३० मार्च

ताई,

बरेच दिवस विचार करत होते. तुमचंच खरं. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातचं काही तुमच्याकडे नसावं हे बरं दिसत नाही. मी एकटी ते सगळं धरून बसले आहे, आणि तसं पाहिलं तर तो माझ्याआधी तुमचा.

खुराडं घेऊन जा. टेम्पो कधीही पाठवा, मी घरीच असते.

मजबूत आहे, अजिबात काही करावं लागणार नाही. न्याल त्याच संध्याकाळी कोंबड्या आत घालता येतील. आतली दांडी रुंद आहे, तुमच्या सगळ्या मावतील. दाटीवाटीने बसल्या तर एकमेकींना ऊबही मिळेल.

प्रकृतीला जपा. डोळ्यांना त्रास होतो असं मास्तरीणबाई म्हणाल्या. बारीक शिवण घेऊ नका.

तुमची


६ एप्रिल

वन्सं,

तुमचा टेम्पोवाला दारात उभा आहे. त्याला पाणी दिलंय, खुर्ची दिलीय, आणि सांगितलंय की हे पत्र पुरं होईपर्यंत निघायचं नाही. तो मधून मधून आत डोकावतो आणि म्हणतो, "वहिनी, ऊन चढतंय." चढू दे. वाकडंतिकडं अक्षर झालं तर चालवून घ्या.

खुराडं येणार नाही. कारण लिहिते, नीट वाचा.

पांढरी खुडूक झालेली नव्हती. तिचं रक्त संपलं होतं. उवा तुमच्या कोंबड्यांनी आणल्या असोत की माझ्याच अंगणातल्या असोत, त्या भुकटीने मेल्या. पण ज्यांनी पांढरीला मारलं त्या उवा नव्हेतच. ते माइट. डॉक्टर लाल कोळी म्हणाला. सुईच्या टोकाएवढे, दिवसा लाकडाच्या फटीत, अंधार पडला की बाहेर. कोंबडीच्या पायांवरून चढायचं, पोटभर प्यायचं, उजाडायच्या आत पुन्हा लाकडात. म्हणून दिवसा कितीही पिसं फुंकली तरी मला काही दिसत नव्हतं. मी ऊ म्हणाले, तुम्ही ऊ लिहिलंत, डॉक्टरनेही उवांची भुकटी दिली. आपल्याकडे त्या दोघांना मिळून एकच शब्द आहे. दुसरं कुणी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या पाचही जणी दगडावर का बसत होत्या ते आता कळलं ना? त्यांना कळत होतं. मी मात्र एकेकीला उचलून आत घालत होते आणि दार लावत होते. तुमच्या भावाने जीव ओतला म्हणून.

डॉक्टरने दांडीच्या खालून पट्टी ओढली तेव्हा ती लाल झाली. मी म्हटलं, उकळतं पाणी ओतते, चुना लावते, सांगाल ते करते. त्याने फळ्यांवरून हात फिरवला. म्हणाला, "काम फार चांगलं आहे हो. फळीला फळी जोडून मध्ये चीर राहू दिलेली नाही. पण पाणी जाणार नाही इतकी बारीक फट त्यांना पुरते. आणि हे लाकूड पोल्ट्रीतलं दिसतंय. हे त्यातच आले असणार. ते उपाशीही महिनोन्‌महिने टिकतात. जाळून टाका."

म्हणजे ते तुमच्याकडून आले नाहीत. माझ्याकडूनही नाहीत. तुमच्या भावाने खांद्यावरून घरी आणले. हे कागदावर लिहायला मला इतके दिवस लागले, कारण रागवायला कुणी उरलंच नाही.

आणि तरी मी तुम्हाला लिहिलं, घेऊन जा. सगळं माहीत असताना लिहिलं. तुमच्या कोंबड्या एकेक करून पांढऱ्या पडताना तुम्ही रोज त्यांच्यासमोर वाटी ठेवावी, आणि कुणीतरी तुमच्याकडे बोट करून म्हणावं, "हिच्या डोळ्यांदेखत." एवढंच मला हवं होतं. मागच्या पत्रात मी ताई लिहिलं होतं, वन्सं. त्यावरूनच तुम्ही सावध व्हायला हवं होतं. तुम्ही उलट खूश झालात. लिहिलंत, परस झाडून ठेवलंय, भिंतीच्या आडोशाला जागा केलीय, त्याच रात्री सगळ्यांना आत घालणार आहे. ते वाचूनही मला काही वाटलं नाही. खरं सांगते. पत्र घडी करून ठेवलं आणि झाडायला गेले.

आज सकाळीही मी तयार होते. टेम्पोवाल्याला म्हटलं, उचल. तो म्हणाला, "थांबा, बाईंनी ओरखडा पडू द्यायचा नाही म्हणून बजावलंय. गुंडाळायला दिलंय काहीतरी." गाडीतून गोधडी काढली आणि खुराड्यावर घालायला दोन्ही हातांनी उघडली.

मी ओरडले. "खाली ठेवू नकोस! लावू नकोस त्याला!" तो घाबरून तसाच उभा राहिला, गोधडी छातीशी धरून. तिकडून मास्तरीणबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, साप निघाला.

तो निळा चौकड्याचा तुकडा मी लगेच ओळखला. इस्पितळात जाताना घातलेला शर्ट. शेजारी राखाडी, खिशाशी शाई सांडलेला होता त्याचा. मग हिरवट, लग्नाला घेतलेला. त्याचे सगळे शर्ट तुम्हीच शिवायचात, कातरण तुमच्याकडे राहत असणार हे कधी डोक्यातच आलं नाही. मी हात न लावता, कडेकडेने बघत गेले, आणि पुढचे तुकडे मला ओळखू येईनात. पिवळ्या रेघांचा. जाड खाकी. बारीक होड्यांचं चित्र असलेलं, लहान मुलाचं कापड. वन्सं, तो माझ्याआधीचा होता. होड्यांचा शर्ट घालणारा. त्या पोराला मी ओळखतही नाही.

त्याच्या हातचं तुमच्याकडे काही नाही, असं तुम्ही म्हणालात. पण त्याच्या अंगावरचं सगळं तुमच्याकडे आहे. आणि ते तुम्ही एका खुराड्याला ओरखडा पडू नये म्हणून टेम्पोत घालून पाठवता! काय म्हणावं तुम्हाला. अक्कल म्हणतात ती कुठे ठेवली होती? पावसाचे चार थेंब पडले असते तर? डिझेल सांडलं असतं तर?

गोधडी मी दोरीवर टाकून दोन्ही बाजूंनी झटकली, भिंगाने टाके तपासले. मास्तरीणबाईंचं भिंग आहे. काही नाही त्यात. खुराड्याला लागलीच नव्हती. टेम्पोवाल्याकडून स्वच्छ पिशवीत बांधून परत पाठवते आहे, त्याच्या सीटवर ठेवायला सांगितलंय, मागे नाही. ती मला हवी होती, हेही सांगते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "ठेवा की, त्या मागणार नाहीत." म्हणून तर पाठवते आहे.

टेम्पोवाल्याने आणि मी मिळून खुराडं सुटं केलं. आतल्या बाजूने प्रत्येक फळीवर तुमच्या भावाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय. डावी. उजवी. वरची. एका फळीवर 'चुकली' लिहून खोडलंय आणि तीच बसवलीय. हे मी आज पहिल्यांदा वाचलं. आतून कोण कशाला वाचेल? मी वाचत बसले असते तर जाळणं झालं नसतं, म्हणून टेम्पोवाल्याला म्हटलं, तूच फोड, मी बघत नाही. फटींमधून ते राखेसारखे सांडले. त्याच्या हातावर चढले तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, हे आमच्या गाडीत येणार होतं?" मी म्हटलं, हो. तो माझ्याकडे बघत राहिला. तुम्हीही बघा, वाटेल तितकं. मी तोंड चुकवणार नाही.

फळ्या अंगणाच्या मधोमध रचल्या आहेत. तो गेला की काडी लावणार. संध्याकाळपर्यंत थांबले तर माझा हात उठणार नाही, त्यामुळे तुम्ही येऊन बघायचा प्रश्न नाही. आलात तरी त्या दिवशीचं बोलणं मी माफ केलेलं नाही, आणि तुम्हीही आता मला करू नये. दोघींकडे सारखंच राहू दे.

दाराच्या बिजागऱ्या तेवढ्या निघाल्या, आणि कडी. कडी विकतची नाही. ती त्याने लोखंडाची पट्टी ठोकून, वाकवून स्वतः केली होती. टोकाला अंगठ्याचा खळगा आहे, त्याच्याच मापाचा. माझा अंगठा त्यात सैल पडतो. तुमचा कदाचित बसेल. लोखंडात ते जीव राहत नाहीत. बिजागऱ्या मी ठेवते, कडी तुमची. पुढ्यात पातेल्यात खळखळतेय, तिच्याकडे बघतच हे लिहितेय.

तिच्यावर माझा विश्वास आहे, पण तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका. घरी पोचली की पुन्हा एकदा उकळा.